रंग चढण्याआधीची गाडी

(जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर सांगलीत केलेलं भाषण, थोडं संपादन करून.)

मित्रहो,

मागच्या दिवाळीत माझी स्पीडस्टर, म्हणजे पोर्शेच्या एका जुन्या उघड्या गाडीची नव्याने घडवलेली प्रतिकृती, विश्रामबागेत ट्रेलरवरून खाली उतरवली, तेव्हा तासाभरात दहा-बारा जणांनी विचारलं, "काका, कुणाकडून करून घेतली?" सगळ्यांना नाव आणि मोबाइल नंबर हवा होता. मी कुणालाच दिला नाही. काहींना राग आला असेल, म्हणून आज त्याचं कारण सांगायला उभा आहे. नाव आजही सांगणार नाही. एकदा नाव हातात आलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं सोडतो. माझं तसंच झालं होतं आणि ते मला फार महागात पडलं.

बिल्डर हा शब्द मी वापरत नाही. आपल्याकडे बिल्डर म्हटलं की शंभर फुटी रस्त्यावरची अपार्टमेंट डोळ्यांपुढे येते. मी 'गाडी घडवणारा' म्हणेन. घडवणं या शब्दात ठोके आहेत, वेळ आहे, आणि तेच आपल्याला हवंय.

आता प्रतिकृतीच का, तर मूळ गाड्या मुळातच थोड्या निघाल्या. १९६२ साली अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी गाडी घेतली, तिच्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. पुढच्या पाचेक वर्षांत त्या हजाराच्या आसपास झाल्या. पोर्शे ५५० स्पायडर नव्वदच्या आसपास. जॅग्वार सी-टाइप, जिने १९५१ आणि १९५३ ची ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती फक्त ५३. आज त्यांच्या किमती कोट्यवधींच्या पुढे गेल्यात. त्या आकाराचं, त्या आवाजाचं ज्याला वेड आहे त्याने प्रतिकृती करावी आणि उजळ माथ्याने करावी. त्यात काही कमीपणा नाही. कमीपणा आहे तो प्रतिकृतीला मूळ म्हणून खपवण्यात. म्हणून घडवणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा, "मूळ कंपनीची प्लेट लावून द्याल का?" तो "देतो की, त्यात काय" म्हणाला तर चहा न घेता उठा. तुमच्यासाठी जो जगाला फसवायला तयार आहे, तो चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्याच्या बाबतीत तुम्हालाही फसवेल.

माझी गाडी पोर्शे ३५६ स्पीडस्टरची प्रतिकृती. मूळ स्पीडस्टर १९५४ ची. पोर्शेची ३५६ ही गाडीच १९४८ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या भागांवरून उभी राहिली होती, त्यामुळे जगभर तिच्या प्रतिकृती बीटलच्या तळावर बांधतात. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, सगळं जुळतं. एकच गोष्ट जुळत नाही. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मिलिमीटर, ३५६ चं २१००. म्हणजे मधला तळ तीस सेंटिमीटर कापून पुन्हा जोडावा लागतो. तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारी पोकळ पेटी, म्हणजे बोगदा, कापायचा, त्यातला गिअरचा दांडा आखूड करायचा, केबल आखूड करायच्या. या गाडीचा जीव त्या एका जोडात असतो. छप्पर नसलेल्या गाडीला तर तळाखेरीज दुसरा आधारच नाही.

मी ज्याच्याकडे गेलो त्याच्या शेडमध्ये दोन तयार गाड्या उभ्या होत्या. एक फिकट निळी, एक लाल. रंग असा की त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. मी त्या रंगावर भाळलो. आयुष्यभर कुपवाडला जिग-फिक्श्चरचं, म्हणजे यंत्रावर जॉब अचूक धरून ठेवणाऱ्या साधनांचं काम केलेला माणूस मी, दुसऱ्याच्या जॉबला मायक्रोमीटर लावल्याशिवाय पुढे पाठवला नाही, आणि माझ्या स्वतःच्या गाडीचा तळ बघायला मागितला नाही. ठरलेल्या पैशातले ८० टक्के चेसिस न बघता देऊन टाकले.

गाडी आली. आमच्या कारखान्याच्या आवारात रोज संध्याकाळी दोन-चार फेऱ्या मारायचो. तिसऱ्या आठवड्यात डावं दार लावताना किंचित घासल्यासारखं वाटलं. पहिल्या दिवशी दाराच्या मागच्या फटीत वरच्या बाजूला रुपयाचं नाणं सहज सरकायचं. आता ते अडकत होतं. महिनाभरात वरच्या कोपऱ्याचा रंग टवका होऊन उडाला. खालची फट मात्र होती तशीच. ज्यांनी लोखंडात काम केलंय त्यांना इथेच उत्तर कळलं असेल: गाडी मध्यात बसत होती. दोन्ही टोकं चाकांवर, मधला तळ खाली झुकतोय, मग दाराच्या चौकटीचा वरचा भाग आवळणारच.

गालिचा उपसला. खाली डांबरी लेप होता, तो खरवडला. लेपाखाली पुट्टी आणि पुट्टीखाली तो जोड. बोगद्याची दोन तोंडं नुसती समोरासमोर टेकवून वर इंच-इंच अंतराने वेल्डिंगचे टाके मारलेले. आतून नळी नाही, बाहेरून पट्टी नाही. दोन टाके तडकले होते, तिसऱ्यातून केसासारखी रेघ पुढे निघाली होती. मी तिथे जमिनीवर बसून राहिलो. ही गाडी भर वेगात कुणाच्या हातात असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री जागा करतो.

नंतर तो तळ मी दुसऱ्या एका कारागिराकडून पुन्हा करून घेतला. त्याने सरळ आडवा काप घेतलाच नाही. पायऱ्यांसारखा काप घेतला, म्हणजे सगळा जोड एका रेषेत येत नाही. बोगद्याच्या आत नळीचा तुकडा घालून वरून सलग वेल्डिंग केलं, आणि दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या उंबऱ्यांतून चौकोनी पाइप नेले. हे सगळं चालू असताना त्याने मला तीन वेळा फोन करून बोलावलं. "झाकायच्या आधी बघून जा," म्हणायचा. मित्रहो, घडवणारा निवडायची माझी कसोटी आता एवढीच आहे. जो झाकायच्या आधी बोलावतो, त्याच्याकडे जा. शेडमध्ये गेलात की तयार गाडीकडे पाठ फिरवा आणि अर्धी झालेली गाडी मागा. अर्धी गाडी दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे तुमचे पैसे ठेवू नका.

अर्धी गाडी समोर आली की काय बघायचं? महागडं यंत्र लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. चेसिस चार स्टँडवर समतल ठेवायला सांगा. सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलेलं असतं अशा चार जागा धरा, दोन पुढच्या आणि दोन मागच्या. प्रत्येक जागेतून ओळंबा सोडायचा, टोक स्थिरावलं की फरशीवर खडूची फुली. मग टेप घेऊन दोन कर्ण मोजायचे, पुढच्या डावीकडून मागच्या उजवीकडे आणि पुढच्या उजवीकडून मागच्या डावीकडे. दोन्ही सारखे आले तर चेसिस गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो. दहा मिलिमीटर असेल तर ती गाडी जन्मभर तिरपी पळेल, आणि अलाइनमेंटवाला कितीही भला असला तरी तिला सरळ करू शकणार नाही. पाइपची तोंडंही बघा. उघडी तोंडं म्हणजे आत दमट हवा आणि आतून गंज. २०१९ च्या महापुरानंतर आपण सांगलीकरांनी किती गाड्या आतून सडलेल्या पाहिल्या, ते वेगळं सांगायला नको.

फायबरच्या बॉडीबद्दल थोडक्यात. मडगार्डच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. पांढरे कोरडे धागे दिसले तर मॅटमध्ये, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या थरात, त्याला घट्ट करणारं रेझिन पुरेसं मुरलेलं नाही. नाण्याने वाजवत जा, जिथे आवाज बद्द येतो तिथे थर सुटलेत. दाराच्या बिजागरीच्या जागी आत लोखंडी चौकट हवीच, नुसत्या फायबरवर दार लटकत नाही. आणि बॉडी साच्यातून कधी काढली ते विचारा. घाईने काढून रंगवलेली बॉडी उन्हात तापली की रंगाखालून मॅटची वीण उमटते, गडद रंगात तर हमखास. ॲल्युमिनियमचं काम हा वेगळाच विषय आहे, तसा हात असलेले कारागीर थोडे आणि त्यांच्याकडे रांग मोठी. मिळाला तर थांबा.

थांबण्यावरून आपल्या मिरजेचं सांगतो. सतारमेकर गल्लीत एकेकाळी शस्त्रांचं काम करणारी शिकलगार घराणी तंबोऱ्याकडे वळली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जाऊन एकदा बसा. चांगला कारागीर लाकडाला हात लावायच्या आधी तुम्हाला विचारतो, गाणार कोण, बाई की पुरुष, पट्टी कोणती? भोपळा त्यावर ठरतो. आणि जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर साधणं, सगळ्यात शेवटी, घासून, ऐकून, पुन्हा घासून. पॉलिश बघून तंबोरा घेणारा गवई मी अजून पाहिला नाही.

गाडी घडवणाऱ्यानेही तुम्हाला असंच विचारायला हवं. उंची किती? पायात बूट कोणता घालता? सोबत कोण बसणार? रस्ता कुठला? फोर्डची जीटी४० जेमतेम चाळीस इंच उंच, नावातच ती उंची आहे. १९६७ ला ल मां जिंकलेल्या फोर्डच्या छपराला चालकाच्या डोक्यावर एक फुगवटा आहे, कारण तिचा एक चालक डॅन गर्नी उंच होता आणि हेल्मेट घातल्यावर मावत नव्हता. जगातल्या सर्वात मोठ्या कारखान्यांपैकी एकाने एका माणसासाठी छप्पर फुगवलं. तुमचा घडवणारा तुम्हाला एकदा रिकाम्या चेसिसवर लाकडी पाटावर बसवून स्टिअरिंगचं अंतरही बघत नसेल, तर तो गाडी बांधतोय, तुमची गाडी बांधत नाही. आणि जवारीच्या जागी इथे सस्पेन्शन आहे. खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग न हलवता गाडी दिशा बदलत असेल तर स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, चुकीच्या उंचीवर बसलाय. शेवटचा महिना याच घासून-ऐकून करण्यासाठी राखून ठेवणारा माणूस शोधा.

पहिलीच गाडी करणाऱ्यांना माझा सल्ला लोटस सेव्हन या छोट्या उघड्या गाडीच्या घाटाचा, म्हणजे तशा घडणीचा. १९५७ ची गाडी, १९७३ पासून तिचे हक्क ब्रिटनच्या केटरहॅम कंपनीकडे. सपाट पत्रे, पाइपचा सांगाडा, फारसं काही लपवता येत नाही. आपल्या अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने इसुझूच्या १.८ लिटर इंजिनावर याच घाटाची रोडस्टर केली होती, म्हणजे हे आपल्या मातीत होऊ शकतं.

आता कागद. इथे मला कठोर बोलावं लागेल, कारण बरेच घडवणारे "आरटीओचं आम्ही बघतो" एवढ्यावर विषय संपवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात जे तपशील दिलेत, त्यांच्याशी आरसी बुकातली नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. बीटलच्या आरसीवर स्पीडस्टर फिरवणं म्हणजे नेमकं तेच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना चाचणी संस्थेतून पास व्हावा लागतो, पुण्याची एआरएआय त्यातलीच एक. अमेरिकेत छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ प्रतिकृतींपर्यंत वेगळी मुभा आहे, ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी करून मंजुरी मिळते. आपल्याकडे तशी वाट असावी यासाठी आपण सगळ्यांनी मिळून बोललं पाहिजे. तोवर माझी गाडी ट्रेलरवरून जाते आणि खासगी जागेतच पळते. घडवणाऱ्याकडून हे सगळं लेखी घ्या: कोणत्या गाडीचा तळ, तिचा चेसिस नंबर, तिची आरसी, तिच्यावर बँकेचा बोजा आहे का.

काहीजण विचारतात, व्हिंटेजच्या नव्या नियमात बसवता येईल का? नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणूनच हात जोडून सांगतो, एखादी धड बीटल हाताशी आली तर ती कापू नका. तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळू शकतो, तो मान तिचा आहे. प्रतिकृतीसाठी सडलेली, बॉडी गेलेली बीटल शोधा.

पैशाचं एवढंच. इसार थोडा. पुढचा हप्ता ओळंबा लावून झाल्यावर, त्यापुढचा बॉडी बसल्यावर, मग इंजिन सुरू झाल्यावर. शेवटचा मोठा हप्ता पाचशे किलोमीटर फिरून झाल्यावर. चांगला कारागीर यावर भांडत नाही, त्याला फक्त सामानाचे पैसे वेळेवर लागतात आणि ते आपण वेळेवर द्यायचे. त्याचे हप्ते लांबवून त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणारेही मी पाहिलेत. त्यांची गाडी शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडते आणि त्यात कारागिराचा दोष नसतो.

माझ्या कुपवाडच्या शेडमध्ये सध्या एका मित्राच्या सेव्हनचा सांगाडा उभा आहे. अजून रंग लागलेला नाही, प्रायमरसुद्धा नाही. येत्या दोन रविवारी सकाळी दहानंतर शेड उघडी राहील. ओळंबा, खडू आणि टेप तिथेच टेबलावर असतील. कर्ण तुम्ही स्वतः मोजायचे. एका ठिकाणी चार मिलिमीटरचा फरक आहे, तो कुठला ते मला सांगायचं.