नाकातले दहा सेकंद

[दृश्य: आईच्या मांडीवर बाळ. नर्सचे हात.]

बाळ रडणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. आईनं एका हातानं त्याचं कपाळ आपल्या छातीशी धरलंय, दुसऱ्या हातानं दोन्ही मुठी.

बाळ कोणत्या विषाणूनं आजारी आहे हे शोधायला नाकातून नमुना घ्यायचाय. आता स्वॅबच्या टोकाकडे बघा. हा कापूस नाही. नायलॉनचे आखूड तंतू मखमलीसारखे उभे बसवलेत. कापसाच्या बोळ्यात नाकातल्या पेशी अडकून राहतात. हे तंतू जेवढं उचलतात, त्यातलं बरंचसं द्रवात सोडूनही देतात.

दांडी वरच्या दिशेनं नाही, टाळूला समांतर सरळ आत जाते. जोर लावायचा नाही. शेवटाला टेकली की काही सेकंद थांबायचं, हलकेच फिरवायची आणि बाहेर. शिकवायला सोपं, पण हलणाऱ्या डोक्यावर करायला अवघड.

[दृश्य: गुलाबी द्रवाची नळी]

दांडी खाचेवर मोडली, झाकण लागलं. हा गुलाबी रंग फिनॉल रेडचा, म्हणजे आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचा. द्रव पिवळा पडला तर आम्लता वाढली, नमुना बिघडला असावा, असं तंत्रज्ञाला नजरेनंच कळतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचं जुनं छायाचित्र]

तान्ह्या मुलांना छळणारा आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, 1956 मध्ये पहिल्यांदा सापडला, तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. पुढच्याच वर्षी तो आजारी बाळांमध्येही मिळाला. चित्रात पेशींची आवरणं एकमेकांत मिसळून एकच मोठा गोळा झालेला दिसतो. विषाणूच्या नावातलं 'सिन्सिशियल' हे त्याचंच वर्णन. तेव्हा ओळख पटवायची तर विषाणू जिवंत पेशींत वाढवावा लागे आणि असा गोळा दिसायची वाट बघावी लागे. त्यात दिवस जात. रिपोर्ट येईपर्यंत बाळ बहुधा घरी गेलेलं असे.

[दृश्य: कार्ट्रिज मशीनमध्ये सरकतं]

आता सगळी प्रयोगशाळा या डबीत मावते. आरएसव्ही, फ्लू, कोरोना हे आरएनए विषाणू, म्हणजे त्यांची जनुकं आरएनएची; इथे प्रती मात्र डीएनएच्या काढतात, म्हणून आधी आरएनएवरून डीएनए तयार होतो. मग तापवणं, निववणं, पुन्हा तापवणं. प्रत्येक फेरीत दुप्पट. हिशोबानं 30 फेऱ्यांत एकाचे 100 कोटींहून जास्त! नमुन्यात विषाणू असला, तर साधारण तासाभरात पडद्यावर त्याची रेघ उचलू लागते.

रेघ वर गेली म्हणजे आजार त्याचाच, असं मात्र नाही. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचे अवशेष मूल बरं झाल्यावरही काही आठवडे सापडू शकतात, आणि लहानग्यांच्या नाकात दोन विषाणू एकदम असणं नवलाचं नाही. विषाणूचं प्रथिन ओळखणारी पंधरा मिनिटांची अँटिजेन पट्टी आणखी झटपट, पण विषाणू कमी असले तर तिला ते दिसत नाहीत.

रिपोर्टनंतर फ्लूचं औषध शक्यतो पहिल्या 48 तासांत, आरएसव्हीला मुख्यतः ऑक्सिजन आणि अंगातलं पाणी राखणं, आणि वॉर्डात खाटा वेगळ्या. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

[दृश्य: पडदा. एक रेघ सपाट.]

ही खालची रेघ विषाणूची नाही. काही चाचण्यांत माणसाच्या पेशींतलं एक जनुकही शोधतात, स्वॅबवर पुरेशा पेशी आल्यात का हे बघायला. ही रेघ उठलीच नाही. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह नाही, तो बादच.

[दृश्य: नर्स नवं पाकीट फाडते. आई बाळाला पुन्हा मांडीवर घेते.]