गुडघ्याची दुखापत आणि उपचारांची निवड

श्रोतेहो, नमस्कार. खेळताना पाय जमिनीवर रोवलेला असतो, शरीर मात्र झटकन वळते, गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. एमआरआयच्या अहवालात लिगामेंट, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, फाटल्याचे वाचले की बहुतेक जण विचारतात, शस्त्रक्रिया कधी करायची? मला वाटते, त्याआधी फाटलेल्या भागाला रक्तपुरवठा किती आहे हे विचारावे, कारण कोणती इजा आपोआप भरून येईल हे बरेचसे त्यावर ठरते.

गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या एमसीएल या लिगामेंटला रक्त चांगले मिळते, म्हणून ते बहुधा ब्रेस आणि व्यायामाने जुळून येते. गुडघ्याच्या हाडांमधल्या मेनिस्कस या गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तवाहिन्या असल्याने तिथली चीर टाके घालून सांधता येते. आतल्या भागात मात्र त्या जवळजवळ नसतातच. फाटलेला तुकडा काढून टाकला तर रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो, पण भार पेलणारी गादी कमी झाल्याने पुढे सांध्याची झीज होण्याचा धोका वाढतो, म्हणून वाचवता येईल तेवढी गादी वाचवावी. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत तर रक्तवाहिन्या मुळीच नसतात. तिथल्या मोठ्या खड्ड्यासाठी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवण्याची पद्धत आहे. तिचे पहिले निष्कर्ष स्वीडनमधून १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

खरा पेच एसीएलचा, म्हणजे गुडघ्याच्या मध्यभागी असलेल्या लिगामेंटचा आहे. पूर्ण फाटलेले एसीएल आपोआप पूर्ववत होईल याचा भरवसा नसतो, तरीही प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात १२१ तरुणांपैकी ५९ जणांनी आधी केवळ व्यायामोपचार घेतले. त्यांतील २३ जणांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली, इतरांना लागली नाही. आणि लगेच शस्त्रक्रिया झालेल्या गटाच्या तुलनेत दोन वर्षांनंतरच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे विसरू नये. गुडघा वारंवार सटकत असेल, किंवा झटकन वळावे लागणाऱ्या खेळात परतायचे असेल, तर शस्त्रक्रिया योग्य ठरते.

मार्ग कोणताही निवडला, तरी फिजिओथेरपी चुकत नाही. सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीच्या स्नायूंची ताकद परत मिळवणे, हा तिचा क्रम. शस्त्रक्रियेत फाटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेल्या ग्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पट्ट्यात, नव्या रक्तवाहिन्या शिरेपर्यंत तो आधीपेक्षाही कमजोर होतो, आणि नेमक्या याच काळात दुखणे थांबल्यामुळे रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. म्हणून किमान नऊ महिने उलटल्याशिवाय आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय मैदानात उतरू नये, असे मी कळकळीने सांगतो. शस्त्रक्रियेनंतर ताप आला, जखमेतून स्राव येऊ लागला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.