एका सेलवर घरचा बल्ब
(गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाळा तोंडावर आला आहे. पहिल्याच वादळी वाऱ्यात माडाची झावळी तारेवर येते आणि वीज जाते. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या वाड्यांवर ती परत यायला कधी कधी दुसरा दिवस उजाडतो. आणि आपली मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघतात: एक पेन्सिल सेल, तांब्याच्या तारेचे वेढे, एक ट्रान्झिस्टर (प्रवाह चालू-बंद करणारा तीन पायांचा छोटा भाग), आणि त्यावर घरातला 9 वॅटचा बल्ब पेटलेला. ‘सर, हे खरं का?’ असं विचारतात. त्याचंच उत्तर आज द्यायचं आहे.

बल्ब पेटतो. थोड्या वेळाने इथेच, टेबलावर, तो पेटवून दाखवणार आहे. पण तो 9 वॅटने पेटत नाही. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण 3 वॅट-तास ऊर्जा असते. त्यावर 9 वॅटचा बल्ब पूर्ण तेजाने चालवायचा म्हटलं, तर मधे काहीही वाया न जाता 20 मिनिटं. त्यासाठी त्या सेलमधून 6 अँपिअर प्रवाह सतत ओढावा लागेल, आणि तेवढा तो देऊच शकत नाही. सर्किट ऊर्जा तयार करत नाही. दीड व्होल्टवर मिळणारा प्रवाह ते जास्त व्होल्टेजवर, पण कमी करून देतं. वाटेत थोडी उष्णता जाते ती वेगळीच. हा हिशेब मुलांना आधी शिकवा, सोल्डरिंग मग.

मग एवढा खटाटोप कशासाठी? आजच्या बल्बात उजेड देणाऱ्या पांढऱ्या एलईडीचं कारण आहे. तिच्या आत खरं तर निळी चिप असते आणि वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणारा लेप. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा जास्त, म्हणून तिला सुमारे 3 व्होल्ट मिळाल्याशिवाय ती उजळतच नाही. ही निळी एलईडी साधायला जगाला फार वर्षं लागली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपला सेल दीड व्होल्टचा, आणि रिमोटमधून काढून टाकलेला तर एक-सव्वा व्होल्टचा. त्यात ऊर्जा शिल्लक असते, पण दाब अपुरा पडतो.

तो दाब वाढवायचा कसा? नळ झटकन बंद केला की पाइपात धाडकन आवाज होतो, कारण वाहतं पाणी एकदम थांबायला तयार नसतं. तारेच्या वेढ्यातल्या प्रवाहाचंही तसंच आहे. ट्रान्झिस्टर चालू असतो तेव्हा प्रवाह वाढत जातो आणि ज्या फेराइट रिंगवर (चुंबकीय पदार्थाच्या कडीवर) ते वेढे असतात, तिच्यात चुंबकीय ऊर्जा साठते. रिंगवरच्या दुसऱ्या तारेचे वेढे ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, आणखी रेटा देतात. वाढ थांबली की तो रेटा उलटतो, ट्रान्झिस्टर क्षणात बंद होतो, आणि साठलेली ऊर्जा व्होल्टेज उसळवून एलईडीतून बाहेर पडते. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं, म्हणून डोळ्याला उजेड सलग दिसतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुरू व्हायला 0.6 ते 0.7 व्होल्ट पुरतात, त्यामुळे घड्याळाने नाकारलेला सेलही इथे कामाला येतो. फेराइट रिंग विकत घ्यायची गरज नाही. बंद पडलेल्या सीएफएलच्या (वळणदार नळीच्या बल्बच्या) बुडात ती असते. मात्र वरची काचेची नळी फोडू नका, आत पारा असतो.

आता घरचा बल्ब. त्याच्या आत बऱ्याच एलईडी एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणून त्याला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. थोड्या मोठ्या रिंगवर बारीक तारेचे दोनशेच्या आसपास वेढे जास्त घेतले की ते मिळतं. सेलमधून 200 मिलिअँपिअर घेतले तर एकूण 0.3 वॅट, बल्बपर्यंत समजा 0.2 वॅट पोचले. म्हणजे सुमारे 20 ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप), मेणबत्तीपेक्षा थोडा जास्त उजेड. व्हिडिओत तो लख्ख दिसतो, कारण अंधारात मोबाइलचा कॅमेरा आपोआप उजेड वाढवून घेतो. पण हा उजेड मला मोलाचा वाटतो. जिन्यावर, देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत रात्री एवढाच हवा असतो, आणि त्यात धूर नाही, आग लागायची भीती नाही.

अभ्यासाला मात्र हे पुरणार नाही. तिथे 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची बॅटरी घ्या. तिच्यात 84 वॅट-तास. बॅटरी टिकावी म्हणून निम्मेच वापरायचे. त्यावर 3 वॅटचा डीसी बल्ब रात्रभर चालतो. एक इशारा फार महत्त्वाचा: या बल्बची टोपी घरच्या बल्बसारखीच दोन पिनांची असू शकते. कुणी अंधारात तो 230 व्होल्टच्या होल्डरला लावला तर तो फुटेल. म्हणून बॅटरीच्या वायरिंगला आट्यांचा होल्डर आणि आट्यांचेच बल्ब वापरा.

आणि घरातल्या बोर्डात कुठूनही उलटी वीज सोडायची नाही. इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडला तर ट्रान्सफॉर्मरमधून ती वाढून तारेवर जाते, आणि त्या वेळी भर पावसात आपलाच लाइनमन खांबावर असतो. त्याचा जीव आपल्या हातात आहे. तसंच बल्बचं वरचं पांढरं झाकण काढून मुख्य विजेवर त्याची चाचणी कुणीही घेऊ नये. स्वस्त बल्बांत आतल्या पट्टीचा संबंध थेट 230 व्होल्टशी असतो.

आपल्या दमट, खाऱ्या हवेत सेलची टोकं लवकर गंजतात, आणि वापरून झालेला सेल पाझरतो. काम झालं की तो काढून ठेवा, टोकं कोरड्या फडक्याने पुसा.

आता टेबलाकडे या. आधी एका एलईडीचं सर्किट करू. दोन रंगांच्या तारा एकत्र धरा आणि रिंगवर वीस वेढे घ्या. एका तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीच्या टोकाला जोडा. हा जोड सेलच्या धन टोकाला जाईल. उरलेल्या दोन टोकांपैकी एक 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला, दुसरं सरळ कलेक्टरला (कलेक्टर आणि एमिटर हे ट्रान्झिस्टरचे उरलेले दोन पाय). एमिटर ऋण टोकाला. ट्रान्झिस्टर बीसी 337 घ्या, तो एवढा प्रवाह सोसतो. एलईडी कलेक्टर आणि एमिटरच्या मधे. जोड उलटा झाला तर सर्किट सुरूच होत नाही, म्हणून तारांचे रंग वेगळे घ्यायला सांगतो आहे.