मणिपूरची बातमी आपल्यापर्यंत अर्धीच का पोचते?

नमस्कार मंडळी. आज मणिपूरवर बोलायचंय, म्हणजे तिथे काय झालं यापेक्षा आपल्याला काय दाखवलं गेलं त्यावर.

३ मे २०२३. खोऱ्यातल्या मैतेई समाजाला एसटी, म्हणजे अनुसूचित जमातीचा दर्जा नको म्हणून डोंगरी जिल्ह्यांत आदिवासी विद्यार्थ्यांचे मोर्चे निघाले आणि त्याच दिवशी कुकी आदिवासींच्या चुराचांदपूर जिल्ह्याच्या बाजूला मैतेई-कुकी हिंसाचार पेटला. तो आठवडा आठवा, सगळे चॅनेल कर्नाटकात होते, १० तारखेला मतदान आणि १३ ला निकाल. इकडे गावंच्या गावं जळत होती, आणि इंटरनेट बंद.

तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये मणिपूरची एक मुलगी भाड्याने राहायची, पुण्यात शिकायला आलेली. ती जिन्यात बसून घरी साधा फोन लावायची, आईला विचारायची तिकडं काय चाललंय, आणि आई उलट हिलाच विचारायची की टीव्हीवर आपल्याबद्दल काय सांगतायत. हिच्याकडे सांगायला काहीच नसायचं.

आता पुढचं नीट ऐका. ४ मे ला दोन कुकी बायकांची विवस्त्र धिंड काढली गेली. १८ मे ला पोलिसांत झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती तक्रार, झाली. व्हिडिओ बाहेर आला १९ जुलैला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान बोलले, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि सगळे अँकर एकदम जागे झाले. म्हणजे तक्रार दोन महिने कागदावर होती हो, चित्र नव्हतं एवढंच. ज्यांचा व्हिडिओ कुणी काढलाच नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

बरं, तिथल्या पेपरांचं काय? बहुतेक पेपर इंफाळमधून निघतात, म्हणजे खोऱ्यातून, जिथे मैतेई बहुसंख्य आहेत. इंफाळ ते चुराचांदपूर साधारण ६० किलोमीटर, आपलं पुणे-लोणावळा धरा, पण मध्ये बफर झोन, म्हणजे दोन्ही समाजांना वेगळं ठेवणारा पट्टा, चेकपोस्ट, आणि मैतेई रिपोर्टर तिकडे जाऊ शकत नाही, कुकी रिपोर्टर इकडे येऊ शकत नाही, मग दोघं आपापल्या बाजूचंच लिहिणार ना. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेच्या टीमने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच लिहिलं, की स्थानिक बातम्या एकतर्फी झाल्यात, तर त्यांच्यावरच एफआयआर झाल्या, अटकेपासून संरक्षण मागायला सुप्रीम कोर्टात जावं लागलं.

नोव्हेंबर २०२४ चं मणिपूरमधलं जिरीबाम घ्या. ७ तारखेला हमार या कुकींच्या जवळच्या आदिवासी जमातीतल्या एका बाईला मारलं, तीन मुलांची आई. ११ तारखेला मैतेई कुटुंबातल्या तीन बायका आणि तीन मुलं पळवली, नंतर त्यांचे मृतदेह सापडले. एकच जिल्हा, चार दिवसांचं अंतर. पण तुमच्या व्हॉट्सअॅपवर यातली एकच बातमी आली असेल, आणि कुठली आली ते पाठवणारा कुणाच्या बाजूचा होता त्यावर ठरलं. मला दोन्ही सांगायच्यात, कारण मेलेली सगळी माणसंच होती.

या सगळ्या हिंसाचारात २५० हून जास्त माणसं गेली, ६० हजारांच्या आसपास लोकांची घरं सुटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री बिरेन सिंह यांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट लागली, तेव्हा कॅमेरे परत आले. पण मदत छावणीत एका खोलीत चार-चार कुटुंबं मध्ये साडी लावून राहतात, तिथे रोज काही घडत नाही, म्हणून ती बातमीच होत नाही.

म्हणून पुढची बातमी उघडलीत की आधी बघा ती कुठून पाठवलीय, इंफाळहून, चुराचांदपूरहून, की गुवाहाटीत बसून. आणि एका बाजूची वाचलीत तर दुसऱ्या बाजूची शोधा, लगेच फॉरवर्ड करू नका.