पाटीत उरलेलं ग्राफिक कार्ड

फोंडा तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, नमस्कार. या व्यासपीठावर एरवी प्रवचनं होतात. इथे ग्राफिक कार्डावर बोलायला जातोय म्हटल्यावर आई म्हणाली, "समोर सगळी म्हातारी माणसं असतात रे, त्यांना काय कळणार त्यातलं?" आता समोर बघतो तर निम्मे आजोबा आहेत खरे, पण प्रत्येकाच्या शेजारी एक नातू बसलाय. म्हणजे पैसे देणारा आणि द्यायला लावणारा, दोघंही आलेत. बरं झालं.

माझं फोंड्यात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. ग्राफिक कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारा संगणकातला वेगळा भाग, खेळांना आणि व्हिडिओच्या कामाला उपयोगी पडतो. मुलगा दारातूनच विचारतो, "दादा, पंधरा हजारांत कुठलं कार्ड बसेल?" पूर्वी मी दोन-तीन नावं सांगून मोकळा व्हायचो. आता त्याला आधी स्टूल देतो.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना समुद्र बंद असतो. त्या दिवसांत बाजारात मासळी नसतेच असं नाही. असते. पण पाटीत जे आहे ते कुठून आलं, कधीचं आहे, हे आपण विचारतो. बांगड्याचे कल्ले उचलून बघतो, पोट दाबून बघतो, आणि मासळीवाली "ताजें आसा, पात्रांव" म्हणाली की आणखी एकदा दाबतो. तोच माणूस कार्ड घेताना मात्र खोक्यावरचं राक्षसाचं चित्र आणि 'फोर जीबी' एवढंच वाचून पैसे मोजतो. टंचाईत स्वस्ताच्या फळीवर जे कार्ड उरलेलं असतं, ते बहुधा काही कारणाने उरलेलं असतं. माझा मुद्दा एवढाच. कार्डाचे कल्ले कुठे असतात, ते दाखवायला आलोय.

आधी कार्डांची टंचाई का, ते थोडक्यात. मागची मोठी टंचाई २०२० ते २०२२ची. माणसं घरात अडकली, सगळ्यांना एकदम संगणक हवा झाला, आणि त्यात भर पडली इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामाची. खाण म्हटलं की गोव्यात लगेच कान टवकारतात, पण ही खाण वेगळी. ग्राफिक कार्डं रात्रंदिवस आकडेमोडीला जुंपायची आणि मोबदल्यात नाणी मिळवायची. फेब्रुवारी २०२१मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आलं, जाहीर किंमत ३२९ डॉलर. खाणवाल्यांनी पळवू नये म्हणून इथेरियमचा वेग निम्म्यावर आणणारं कुलूपसुद्धा त्यात घातलेलं. तरी आपल्याकडे ते पन्नास हजारांच्या आत दिसेना. २०१६ सालचं जीटीएक्स १०५० टीआय कंपनीने पुन्हा बाजारात सोडलं, यावरून काय ते ओळखा. पुढे १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, त्या खाणी एका दिवसात बंद पडल्या, आणि दमलेली कार्डं पोत्यांनी विकायला आली. त्यांच्याकडे मी शेवटी वळणार आहे.

आताची टंचाई मेमरीची आहे. जगातली बहुतेक डीरॅम मेमरी, म्हणजे संगणकाला काम करताना लागणारी तात्पुरती साठवण, तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, तिला दामही चांगला मिळतो, म्हणून कारखान्यांचा ओढा तिकडे. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तुमच्या-आमच्यासाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक कार्डावरची मेमरी याच तिघांकडून येते. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, त्यामुळे पुढच्या चतुर्थीपर्यंत सगळं सुरळीत होईल असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. महागड्या कार्डात मेमरीचा वाढीव खर्च मुरून जातो. पंधरा-वीस हजारांच्या कार्डात तो लगेच वर येतो. म्हणून चटका आधी खालच्या वर्गाला बसतो.

आता पहिला कल्ला. 'किती जीबी' हा कार्डाबद्दलचा सगळ्यांत फसवा प्रश्न आहे. जीटी ७३० नावाचं कार्ड आजही दुकानांत मिळतं. २०१४चं आहे. चार जीबीचंही मिळतं, पण ती मेमरी असते डीडीआर३, जुन्या संगणकांत असायची ती. लहान गळ्याच्या बाटलीत तुम्ही किती पाणी भरलंय याला काय अर्थ, ओतताना ते करंगळीएवढंच येणार. याहून नमुनेदार उदाहरण जीटी १०३०चं. एकाच नावाची दोन कार्डं. जीडीडीआर५वालं सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवतं, नंतर आलेलं डीडीआर४वालं १७च्याही आत. खोकं तेच, नाव तेच, माहितीचा वेग एक-तृतीयांश. तुलनेला सांगतो, आरएक्स ६६०० हे काही फार मोठं कार्ड नव्हे, त्याचा आकडा २२४ आहे. हा आकडा खोक्यावर ठळक छापत नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक टाकलात की सापडतो.

दुसरा कल्ला मला स्वतःला महागात पडला. जानेवारी २०२२मध्ये एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी आलं, १९९ डॉलरचं, चार जीबीचं. गंमत अशी की चार जीबी आजच्या खेळांना पुरत नाहीत, असं त्याच कंपनीने २०२०मध्ये लिहिलं होतं. हे कार्ड मदरबोर्डाशी, म्हणजे संगणकातल्या मुख्य बोर्डाशी, बोलतं फक्त चार लेनमधून, म्हणजे चार वाटांमधून. नवा बोर्ड असेल तर निभतं, पण पीसीआय एक्स्प्रेस ३.० या आधीच्या पिढीच्या जोडणीचा जुना बोर्ड असला की त्या चार लेनचा वेग निम्मा होतो आणि खेळ अडखळायला लागतो. शिवाय व्हिडिओ एन्कोड करणारा भागच त्यात नाही. म्हणजे तयार व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना कार्डाची मदत शून्य. असलंच एक कार्ड मी त्या वर्षी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला दिलं. बाजारात दुसरं काही नव्हतं, हे मिळालं म्हणून मी खूश, तो खूश. आठवड्याने आला. "दादा, कार्ड टाकायच्या आधी जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो हो." मी पुस्तिका तेव्हा कुठे उघडली. चूक सर्वस्वी माझी. पैसे परत केले आणि ते कार्ड वर्षभर माझ्या काउंटरखाली पडून होतं, मला बघून हसत.

तिसरी गोष्ट पटकन सांगतो. कार्डाला वीज लागते. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, त्यापुढची वेगळ्या वायरने एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून. आठशे रुपयांच्या एसएमपीएसवर बावीस हजारांचं कार्ड चढवलेले महाभाग मी पाहिलेत, आणि जूनच्या पहिल्या गडगडाटानंतर दोन्ही पिशवीत घालून आलेलेही पाहिलेत. कचेरीतून निघालेले जुने ब्रँडेड संगणक आपल्याकडे बरेच लोक घेतात. त्यात जादा वायरच नसते. तिथे आरटीएक्स ३०५०ची सहा जीबीची आवृत्ती चालते, ७० वॉटमध्ये भागवते. पण लक्षात ठेवा, आठ जीबीचं ३०५० वेगळं आणि ते जास्त जोरकस. नाव सारखं ठेवायची ही खोड कंपन्यांची जात नाही.

मग घ्यायचं काय? मशीन बऱ्यापैकी नवं असेल तर इंटेलचं आर्क बी५८० बघण्यासारखं आहे, बारा जीबी मेमरी देतं. पण त्याला बोर्डात रीसायझेबल बार नावाची सोय लागते, दहा वर्षांच्या संगणकावर ते घेऊ नका. आरएक्स ६६०० जुन्या बोर्डावरही नीट चालतं आणि वीजही बेताची खातं. आरटीएक्स ५०५०, ५०६० ही आठ जीबीची नवी कार्डं. भाव मी सांगत नाही, कारण सोमवारी विचारलेला भाव शनिवारी मलाच मिळत नाही.

आणि काहीच न घेणं हाही एक व्यवहार आहे. आपल्या आज्या मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या. सुके बांगडे, सुंगटं, आमसुलं, मीठ. पावसाळ्यात ताजी मासळी नाही म्हणून कुणी उपाशी राहत नव्हतं, आणि बर्फातला बांगडा दुप्पट भावाने घेतही नव्हतं. संगणकातलं पुरुमेंत म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स. डिचोलीकडचा एक मुलगा जत्रेतली नाटकं चित्रित करून यूट्यूबवर टाकतो. पहाटेपर्यंत चालणारं नाटक, त्याची एडिटिंग म्हणजे काय ते बघा. "दादा, कार्डाशिवाय गत्यंतर नाही," म्हणत आला. मशीन उघडलं तर रायझन ५ ५६००जी, म्हणजे आत बरं ग्राफिक्स आहे, आणि रॅमची आठ जीबीची एकच कांडी. हे आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधलीच वापरतं. एक कांडी म्हणजे एकच वाट. माझ्याकडे एका मेलेल्या मशीनमधली जुळणारी दुसरी कांडी होती, ती बसवली. तिथेच दुकानात त्याने टाइमलाइन मागे-पुढे ओढून पाहिली. मघाशी सूत्रधार तुकड्यातुकड्यांत हात उचलत होता, आता सरळ उचलायला लागला. हल्ली रॅमही महाग झालीय हे खरं, पण कार्डापेक्षा कांडी स्वस्तच. त्याला कार्ड पुढेमागे लागेल. आज नाही.

राहिली जुनी कार्डं. मी जुन्याच्या विरोधात नाही. खाणीत चाललेलं कार्ड म्हणजे मेलेलं असंही नाही, आमच्याकडे धड चालणारी कितीतरी आहेत. पण आता एक नवी अट आलीय. जीटीएक्स १०५०, १०६० या पिढीला खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरं, देणं एनव्हिडियाने २०२५च्या ऑक्टोबरनंतर थांबवलंय, पुढे फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. जुने खेळ चालतील, नव्यांचा भरवसा धरू नका. आरएक्स ५८० घेताना शेपटीला २०४८एसपी लिहिलंय का बघा. असेल तर ते आतून ५७० आहे.

कार्ड हातात आलं की आधी पाठीमागच्या पत्र्याचे स्क्रू बघा. आपल्या किनाऱ्यावर हवेत मीठ असतं. स्क्रूच्या डोक्यावर तांबूस पूड दिसली किंवा पोर्टांच्या कडेला हिरवट बुरशीसारखं काही दिसलं, तर ते कार्ड कळंगुट-बागाच्या वाऱ्यावर उघडं बसलं होतं असं धरा. खालच्या सोनेरी दातांवर नुसता काळपटपणा असेल तर घाबरू नका. शाळेतलं खोडरबर घ्या, दोन-चारदा हलकेच फिरवा, चकाकतात. पण दात खरवडून आतलं तांबं दिसत असेल तर परत द्या. मग स्क्रूवरचा छोटा स्टिकर बघा, फाटलेला असेल तर कुणीतरी आत गेलं होतं. का गेलं होतं, ते विचारा. उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड बदलायला गेलो होतो, म्हणाला तर उलट चांगलं. खाणीत वर्षभर तापलेले पॅड उघडल्यावर शिळ्या केकसारखे भुगा होतात आणि बोटांना तेल लागतं.

नंतर जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम चालवा, फुकट आहे. फार जुन्या कार्डावर नवं नाव चढवून विकण्याचा धंदा जोरात चालतो, आणि असली बरीचशी सोंगं हा प्रोग्राम ओळखून नावापुढे 'फेक' लिहितो. कार्डावर प्रत्यक्ष जोर देऊन अर्धा तास चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकडी उमटली तर मेमरी गेलेली आहे. ती सहसा पहिल्या मिनिटाला दिसत नाही, कार्ड तापल्यावर दिसते. म्हणून अर्धा तास.

नव्या कार्डाचं म्हणाल तर जीएसटीचं बिल घ्या. बिलाशिवाय घेतलं की अठरा टक्के वाचले असं वाटतं, पण त्या बिलावरच वॉरंटी उभी असते. परदेशातून चुलतभावाने आणलेल्या कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. इथून बिघडलेलं कार्ड मी मुंबईला किंवा बंगळुरूला कुरिअर करतो, आणि बिलावरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक जुळला नाही तर ते न उघडता परत येतं. म्हणून दुकानातच दोन्ही क्रमांक मिळवून बघा.

आणि जुनं कार्ड बघायला कुणाच्या घरी गेलात, आणि सगळं जोडून झाल्यावर तो म्हणाला की अरे नेमकी आत्ताच लाइट गेली, तुम्ही घेऊन जा, चालतं ते, तर त्याच्यावर अविश्वास दाखवू नका. आपल्याकडे लाइट जातेच. चहा घ्या, गप्पा मारा, आणि लाइट आल्यावर दुसऱ्या दिवशी परत जा.