पाचू दिवसा कुठे बसतो?

[दृश्य: सिडनीतलं घर. रात्रीचे नऊ. काचपेटीत मंद दिवा.]

दिवसभर वरच्या कोपऱ्यात मुटकुळं करून झोपलेला पाचू आता डोळे उघडतोय. अंगावरचा मळकट तपकिरी रंग हळूहळू उतरतो आणि हिरवा वर येतो. हा ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक. न्यू साउथ वेल्समध्ये तो पाळायला परवाना लागतो, रानातून उचलून आणता येत नाही.

१७९० साली जॉन व्हाइट या शल्यवैद्याने त्याची नोंद केली, ती निळा बेडूक म्हणून! मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याच्या कातडीतला पिवळा रंग गेला होता, निळा तेवढा उरला होता. शास्त्रीय नावातलं ‘सीरुलिया’ म्हणजे निळा, तो शब्द तसाच राहिला.

[दृश्य: पाण्याची उथळ वाटी. पाचू आत बसलेला.]

तो पाण्यात नुसता बसलाय असं वाटतं. प्रत्यक्षात तो पाणी पितोय. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, पोटाखालच्या कातडीने शोषतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, आपल्या हातावरचा साबण, सनस्क्रीन, सगळं त्याच वाटेने आत जातं. म्हणून त्याला उगाच हाताळायचं नाही. उचलावंच लागलं, तर हात नुसत्या स्वच्छ पाण्याने धुऊन, ओले ठेवून.

[दृश्य: पाचू तोंड वासतोय, अंग पिळवटतोय.]

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा जीव घाबरला. वाटलं, घशात काही अडकलं. तो कात टाकत होता! पुढच्या पायांनी ती डोक्यावरून ओढतो आणि खाऊन टाकतो. रातकिडा गिळताना डोळे आत जातात, तेही नेहमीचंच. घास खाली ढकलायला डोळ्यांची मदत होते.

मग काळजी कधी करायची?

[दृश्य: हिवाळ्यातलं अंगण, सकाळचं ऊन.]

२०२१च्या हिवाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलियात लोकांना अंगणात, दारापुढे मेलेले आणि मरायला टेकलेले बेडूक सापडू लागले. ऑस्ट्रेलियन म्युझियमने लोकांकडून नोंदी मागवल्या. हिरवे झाडबेडूक त्यात मोठ्या संख्येने होते. तपकिरी पडलेले, सुकलेले, भर दिवसा उघड्यावर बसलेले. तपासलेल्या बऱ्याच बेडकांत कायट्रिड बुरशी सापडली. ही बुरशी कातडीवर वाढते, रक्तातले क्षार कमी होतात आणि शेवटी हृदय थांबतं.

नुसता तपकिरी रंग म्हणजे आजार नव्हे. थंडीत, झोपेत पाचूही तपकिरी होतो. पण रात्रीचा प्राणी दिवसा उघड्यावर येऊन बसला, मागचे पाय पोटाशी न घेता पसरून बसला, कात वरचेवर निघायला लागली, तर तो दिवस वाया घालवू नका. उलटा पडलेला बेडूक चटकन सुलटा झाला नाही, तर त्याच क्षणी प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. औषधाच्या पाण्यात बसवून या बुरशीवर उपचार होतात, मात्र वेळ हातात असला तरच.

मांड्या आणि पोट लालसर दिसलं तर जंतुसंसर्गाची शंका घ्या. पाय थरथरू लागले, जबडा मऊ पडला तर बहुधा हाडांना कॅल्शियम मिळत नाहीये. रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायचे ते याचसाठी. आणि डोळ्यांवर कातडीची घडी ओघळून नजर झाकू लागली, की समजा खाणं जास्त होतंय. हा बेडूक समोर येईल ते खातो, हात आपणच आवरायचा.

[दृश्य: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा, डब्यात पाचू.]

दर रविवारी आम्ही त्याचं वजन करतो आणि वहीत लिहितो. आजार तो शेवटपर्यंत दिसू देत नाही. वजनाचा आकडा मात्र आधी घसरू लागतो.

[दृश्य: सकाळचे सात. दप्तर पाठीला लावलेली मुलगी काचेशी वाकते.]

“आहे का गं जागेवर?”

“आहे, आई. वरच्या कोपऱ्यात. पाय पोटाशी.”