करिंथकरांचे पैसे पौलानं का नाकारले?

मित्रहो, पौल म्हणजे पहिल्या शतकातला ख्रिस्ती धर्माचा प्रचारक. त्याची सगळी पत्रं आज घेत बसत नाही. एकच भांडण घेतो. पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात दीड वर्ष राहिला, राहुट्या (तंबू) करून पोट भरलं आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीकडून एक पैसाही घेतला नाही. त्यावरून मंडळी दुखावली! करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो चिडून लिहितो: मी तुम्हाला भार झालो नाही, एवढाच ना माझा अन्याय? मग त्याची क्षमा करा.

फुकट शिकवणाऱ्यावर माणसं का रुसावीत? प्रवचनांत याचं उत्तर ठरलेलं असतं, पौलाची नम्रता. मला ते अपुरं वाटतं. आधी गाव बघू.

जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. इ.स.पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरनं तिथं वसाहत वसवली, आणि वसायला आलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ होते. म्हणजे घराणं नाही, पण पैसा आहे आणि नाव कमवायची घाई आहे. तिथल्या चौकात बाबियस फिलिनस नावाच्या माणसानं एक वास्तू बांधली. शिलालेखात तो स्वतःची पदं सांगतो, हे मी स्वखर्चानं उभारलं म्हणतो, आणि पुढं कोरतो की नगराधिकारी या नात्यानं मीच त्याला मंजुरी दिली. बांधणारा तोच, मंजूर करणाराही तोच! वडिलांचं नाव मात्र लेखात नाही, म्हणून तोही मुक्त झालेला गुलाम असावा असं अभ्यासक म्हणतात.

या जगात मान म्हणजे मनातली भावना नव्हे. चार लोकांनी कबूल केला तरच तो मान. आणि तो मिळवायचा राजमार्ग म्हणजे देणं. रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं उपकार कसे करावेत, कसे घ्यावेत, कसे फेडावेत यावर सात खंड लिहिले. गंमत अशी की ज्या गल्लियो या रोमन सुभेदाराच्या न्यायासनासमोर करिंथमध्ये पौलाला उभं केलं, तो या सेनेकाचा सख्खा भाऊ. डेल्फीच्या शिलालेखात गल्लियोचं नाव सापडलं, म्हणून पौलाचा तिथला मुक्काम इ.स. ५१ च्या आसपासचा धरता येतो.

सेनेकाच्या जगात देणगी घेतली की माणूस मिंधा झाला. देणाऱ्याच्या दारी सकाळी मुजऱ्याला जायचं, चारचौघांत त्याचे गोडवे गायचे. देणगी नाकारणं तर त्याहून वाईट, तो उघड अपमान. त्यात पौल हातानं काम करणारा. कारखान्यात कुलीन असं काही असूच शकत नाही, असं रोमन वक्ता सिसेरोनं लिहून ठेवलेलं. आमचा गुरू राहुट्या करतो, हे प्रतिष्ठित करिंथकरांनी कुठल्या तोंडानं सांगायचं?

पण तोच पौल फिलिप्पै या दुसऱ्या शहरातल्या मंडळीचे पैसे घेतो. मग हे तत्त्व कसलं? माझा अंदाज असा: करिंथमध्ये गट पडले होते, ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ (हा तिथला दुसरा एक प्रचारक). अशा ठिकाणी एका घरचे पैसे घेणं म्हणजे त्या घराचा माणूस होणं. फिलिप्पैची मदत यायची तेव्हा तो दुसऱ्या गावी असायचा. शिवाय तुमची गरज माझा देव भागवील, असं लिहून त्यानं परतफेडीचा हिशेब देवाच्या खात्यावर टाकला.

करिंथकरांना तो आणखी एक चिमटा काढतो. मुलांनी आईबापांसाठी साठवायचं नसतं, आईबापांनी मुलांसाठी साठवायचं असतं. म्हणजे मिंधं कोण? तुम्ही! ही काही नम्रता नव्हे, हा पक्का डाव आहे.

त्यांच्या जेवणावरही तो असाच तुटून पडतो. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळी एकत्र जेवे तेव्हा, एक जण उपाशी, एक जण झिंगलेला. रोमन मेजवानीत पंक्तिप्रपंच रीतीचाच होता. रोमन लेखक धाकट्या प्लिनीनं अशा एका यजमानाची हकिकत लिहिली आहे, ज्यानं पाहुण्यांच्या दर्जाप्रमाणे तीन प्रतींची दारू ठेवली होती. प्लिनीला ते कोतेपणाचं वाटतं. पौलाला वाटतं की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता.

एक सावधगिरी. ‘मान आणि लाज’ ही चौकट विसाव्या शतकातल्या मानववंशशास्त्रज्ञांनी स्पेन, ग्रीस, सायप्रसकडची खेडी पाहून मांडली, आणि साऱ्या भूमध्य प्रदेशाला एकाच मापानं मोजल्याबद्दल तिच्यावर टीकाही झाली. म्हणून मी बाबियसचा दगड आधी दाखवला. चौकट दगडाशी ताडून बघावी.

आता त्याच दुसऱ्या पत्रातली दिमिष्कची (दमास्कसची) टोपली. शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्या रोमन सैनिकाला सोन्याचा मुकुट मिळे. पौल बढाई मारायला बसतो आणि सांगतो काय, तर मला टोपलीत घालून तटावरून खाली सोडलं आणि मी पळालो. काही अभ्यासकांना यात त्या मुकुटाची थट्टा दिसते. मला ती पटते, कारण सगळा उताराच उलट्या बढाईचा आहे.

तर पौलानं ही उपकाराची रीत मोडून काढली म्हणायची का? तसं नाही. पुढं रोमकरांना पत्र लिहिताना तो करिंथच्या गायसाचा पाहुणा आहे. त्याच पत्रात करिंथच्या पूर्वेकडच्या बंदरातल्या, किंख्रियाच्या फिबीबद्दल तो खुशाल लिहितो की ती पुष्कळांची आश्रयदाती झाली, माझीही. आणि रोमकरांना सांगतो, तिला लागेल ती मदत करा. उपकाराची फेड शिफारसपत्रानं करायची ही चाल सेनेकालाही ओळखीची वाटली असती.